डबेरावाने अडवलेली गोळी

मागच्या वर्षी मला रक्ताचे जुलाब लागले होते. ज्या गोळ्यांनी मी ठणठणीत झाले, त्याच गोळ्या यंदा माझ्या धाकट्या भावाला, निहारला, द्यायच्या नाहीत म्हणे! पोटदुखी तीच, रक्त तसंच. मग अडलं कुठे?

आमचं घर पवनचक्क्यांच्या पठारावर आहे. त्या दिवशी धुक्याने घाट बंद होता, ड्रोनही उडत नव्हते. चार वर्षांचा निहार पोट धरून कळवळत होता. आईने उरलेली एक गोळी मधात चुरली.

"ताई, थांबा जरा!" दारातून आवाज आला. बाबांनी पठारावरच्याच आरोग्य उपकेंद्रातून यंत्रमानवाला आणलं होतं. त्याच्या पोटातच तपासणीचा डबा, म्हणून सगळे त्याला डबेराव म्हणतात.

"थांबू? पोर पांढरं पडलंय माझं!" आई माझ्याकडे हात करत कडाडली. "केतकीला ह्याच गोळीनं गुण आला होता."

"तासभर द्या मला. तोवर जलसंजीवनी चमच्याचमच्याने पाजत राहा."

त्याने निहारच्या शीचा नमुना पोटात सरकवला. मला त्याचा भयंकर राग आला. तासाभरात निहारला काही झालं तर?

"पूर्वी जंतू वाढवून मगच ओळखायचे," डबेराव सांगू लागला. "दोन-तीन दिवस जायचे."

"विरजण लागायची वाट बघतात तसं?" मी विचारलं.

"तसंच. मी जंतू फोडून त्यांचा डीएनए (पेशीतली सूचनांची साखळी) मोकळा करतो. प्रत्येक जंतूची काही जनुकं (त्या साखळीतल्या सूचना) खास त्याचीच असतात. त्यांनाच चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे मी सोडतो. ते चिकटले, की गरम-थंड करत त्या भागाच्या प्रती काढतो. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ... बघता बघता कोट्यवधी! मग माझ्या डब्यावर त्या जंतूचा दिवा लागतो."

निहार पुन्हा किंचाळला. आईने मधातल्या गोळीचा चमचा उचलला. मी तिचं मनगट घट्ट धरलं. माझं बरोबर होतं की चूक, मला तेव्हा मुळीच कळत नव्हतं.

दिवा लागला.

"विष बनवणारा ई. कोलाय," डबेराव म्हणाला. "केतकीचा जंतू वेगळा होता, शिगेला. त्याच्यावर अँटिबायोटिक (जीवाणू मारणारं औषध) द्यावं लागलं. ह्या जंतूवर ते दिलं, तर हा आणखी विष सोडू शकतो. त्याने मूत्रपिंडं (रक्त गाळून लघवी बनवणारे अवयव) निकामी होण्याची भीती असते."

आईने मधाची वाटी खाली ठेवली आणि ती ढसाढसा रडली.

"मग औषध काय?" बाबांनी विचारलं.

"पाणी, आणि डॉक्टरांची नजर. लघवी होते का, ते बघत राहायचं."

धुकं उठताच आम्ही निहारला इस्पितळात नेलं. तिथे रोज रक्ततपासणी व्हायची. एक दिवस त्याला लघवी अगदीच थोडी झाली. बाबा नुसते येरझाऱ्या घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निहारने गादी, चादर आणि बाबांची विजार, सगळं भिजवून टाकलं. एरवी धपाटा मिळाला असता. आईने त्याचे मटामटा मुके घेतले. रक्ताचे आकडे पाहून डॉक्टरही हसले.

आता डबेराव मला त्याचा डबा उघडून दाखवतो. मोठेपणी मी तो मुठीत मावेल एवढा करणार आहे. चहाला उकळी फुटायच्या आत त्याने उत्तर द्यायला हवं.

आई म्हणते, "लवकर कर, बाई. दुसऱ्या कुठल्या आईला एवढं थांबायला लागू नये."