वापरणाऱ्या : शून्य

सभागृहाच्या भिंतीवरील पडद्यावर सकाळपासून दोनच ओळी उजळत होत्या. समर्थक : सातशे बारा. वापरणाऱ्या : शून्य. पहिला आकडा अधूनमधून वाढे. दुसरा मात्र जागचा हललेला नव्हता.

कार्तिकी तिसऱ्या रांगेत सासूच्या शेजारी बसली होती. बचत गटाच्या बायकांना टेम्पोने तालुक्याच्या गावी आणले होते. जनसुनावणी कशाची, हे टेम्पोत फारसे कुणाला माहीत नव्हते; दुपारचे जेवण आहे, एवढे सर्वांना माहीत होते.

व्यासपीठावर आरोग्य केंद्राच्या नसीमा सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी चिमटीत एक पांढुरके वलय धरले होते, बांगडीहून लहान.

"हे रेशमाचं आहे," त्या म्हणाल्या. "कोशातल्या रेशमाचं प्रथिन घेऊन त्यात औषध मुरवलंय. बाईनं स्वतःच आत बसवायचं. तीन महिने औषध झिरपत राहतं आणि एचआयव्हीच्या विषाणूला शरीरात घर करू देत नाही. मग वलय आपोआप विरघळतं. काढायला नको, लपवायला नको. घरात कुणाला कळत नाही."

"म्हंजे नवऱ्याला चोरून!" मागून एक पुरुषी आवाज आला. "उद्या आमटीतबी काय कालवत्याल!"

सभागृह हसले. सिस्टर हसू ओसरेपर्यंत थांबल्या. "निरोध वापरायचा की नाही, हे तुम्ही ठरवता, दादा. हे तिनं ठरवायचं. फरक तेवढाच."

दोन वर्षांपूर्वी नवा नियम आला होता. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या कोणत्याही संशोधनाला लोकांनी उघड पाठिंबा द्यायचा. व्यासपीठापुढच्या काचेच्या चौथऱ्यावर उभे राहायचे, यंत्र नाव विचारून चेहरा पडताळे, आणि नाव गावच्या फलकावर नि कुटुंबातील प्रत्येकाच्या फोनवर झळके. खोट्या सह्यांना आळा बसावा, हा हेतू चांगलाच होता. त्यातच एक अट होती : ज्यांनी ती वस्तू चाचणीत वापरली, त्यांच्यापैकी किमान शंभर जणांनी पुढे यावे. जिचा सारा गुण कुणालाही न कळण्यात आहे, अशा वस्तूविषयी सर्वांना सांगायचे कुणी, हे नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आले नव्हते.

तालुक्यात अशा तीनशे चाळीस जणी होत्या. त्या एकमेकींनाही ठाऊक नव्हत्या. प्रत्येकीला आरोग्य केंद्राची वेगळी वेळ दिलेली. कुणी लोहाच्या गोळ्यांचे निमित्त सांगून येई, कुणी मुलाच्या लसीचे.

कार्तिकी त्यांपैकी एक होती.

तिचा नवरा ओंकार मालट्रकांचा तांडा नेई : पुढच्या गाडीत तो एकटा, मागे बिनचालकाच्या दोन गाड्या. वीस-वीस दिवस तो बाहेर असे. रोज संध्याकाळी फोन करी. जिथे असेल तिथल्या आभाळाचा रंग सांगे. त्या आवाजावर तिचा जीव होता. पण तिच्या थोरल्या बहिणीला नवऱ्याकडूनच लागण झाली होती. रोजच्या गोळीने ती ठणठणीत होती. घरात तिचा कप मात्र अजून वेगळा होता. हे पाहून कार्तिकीने दोन वर्षांपूर्वी एकदा ओंकारच्या तळहातावर निरोधचे पाकीट ठेवले होते. त्याने ते उलटून पाहिले. मग म्हणाला, "एवढाच इस्वास?" तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

संशयाला आधार होता का? तिला माहीत नव्हते. त्या माहीत नसण्यातच तिला राहायचे होते. वलयाने तिचे शरीर राखले. पण एका अंथरुणावर दोघांमध्ये काहीतरी पडून असे, आणि ते फक्त तिलाच दिसे.

"पाचला सुनावणी संपेल," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज थकला होता. "शंभर जणी आल्या नाहीत, तर पुढची वलयं बनणार नाहीत."

कार्तिकीचे वलय अकरा दिवसांत विरघळणार होते.

"असल्या बाया कशाला म्होरं येत्यात?" सासूबाई कुजबुजल्या. "तोंड हाय का त्यांना?"

कार्तिकीने रांगांवरून नजर फिरवली. एक जण पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. एक जण जमिनीकडे पाहत होती. यांतली कोण? कदाचित तीही असेच विचारत असेल.

ती उठली.

"कुठं निघालीस?"

"तिकडं."

"अगं, ताटं हिकडं हायती!"

काच पायांना गार लागली. यंत्राने नाव विचारले. "कार्तिकी ओंकार वाघमोडे," ती म्हणाली. "वापरणारी."

पडद्यावर शून्य पुसले गेले आणि एक उमटला. हसणारे हसले नाहीत, ही गोष्ट अधिक भयंकर होती. सासूबाई दोन्ही हातांनी पिशवी धरून तिच्याकडे बघत होत्या. पोरीचा चेहरा आज प्रथमच पाहावा, तशा.

काचेवरून उतरण्याआधीच फोन वाजला.

"कार्ती." मागे इंजिनाची घरघर होती. "कवापासनं?"

"आठ महिने झाले."

घरघर थांबली. त्याने गाडी बाजूला घेतली असावी. मागच्या दोन बिनचालकाच्या गाड्याही मुकाट थांबल्या असतील.

"मी तसा न्हाई."

"मला माहीत नाही," ती म्हणाली. दोन वर्षांत त्याच्याशी बोललेले तिचे हे पहिले पूर्ण खरे वाक्य होते. "तुम्ही लांब असता. मला कसं माहीत असणार?"

तिच्या पाठीमागे कुठेतरी खुर्ची सरकली. कुणीतरी उठले होते. काचेकडे यायला की जेवायला जायला, हे मागे वळल्याशिवाय कळणार नव्हते. ती वळली नाही. तिने फोन कानाशी घट्ट धरला. मग त्याने अगदी हळू विचारले :

"म्हंजे मी दारात यायचो, तू हसून पाणी द्यायचीस... तवा दर येळंला तू मला भ्यालेली असायचीस?"