तिच्या पावलांचा माणूस

दार चुकलं, एवढंच झालं.

तिला जायचं होतं उजवीकडच्या खोलीत, जिथे संगीतकार घड्याळाकडे बघत बसला होता. पण स्टुडिओच्या त्या बोळातली सगळी दारं सारखीच — जाड आणि काळी. तिनं ढकललं ते डावीकडचं. आत अंधार होता. समोरच्या पडद्यावर ती स्वतः जिना उतरत होती, आणि पडद्यापुढे, लाकडी फळीवर, एक चांगला सहा फुटी दाढीवाला माणूस उंच टाचांच्या बायकी चपला घालून जागच्या जागी चालत होता.

तिला हसू आलं. ओठांपर्यंत आलं, आणि तिथंच थांबलं. कारण तो तिचंच चालत होता. लहानपणी सायकलवरून पडल्यापासून जिना उतरताना तिचा डावा पाय किंचित रेंगाळायचा. आईखेरीज हे आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या माणसानं मात्र तो पाय नेमका तिथंच, तेवढाच रेंगाळू दिला.

दिवा लागला. तिला पाहून तो गडबडला, एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायातली चप्पल काढायला गेला आणि तोल जाऊन शेजारच्या वाळूच्या खोक्यात बसला.

"मॅडम, तुम्ही... इथे कुणी येत नाही."

"दिसतंय. चपलेचा नंबर काय तुमचा?"

"दहा. मुद्दाम करून घेतल्यात. चपला करणाऱ्याला वाटतं, माझी बायको फार उंच आहे."

"आणि आहे?"

"उंच?"

"बायको."

"नाही," तो म्हणाला, आणि उगाचच बराच वेळ वाळू झटकत राहिला.

पडद्यावर माणसं चालतात, कपडे सळसळतात, कप ठेवले जातात. ते आवाज पुष्कळदा नंतर, अशा खोलीत, कुणीतरी करत असतं, हे ती ऐकून होती. पण ते 'कुणीतरी' म्हणजे हाडामांसाचा माणूस असेल, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. स्टुडिओत सगळे त्याला पावलोबा म्हणत. सात वर्षं तिच्या प्रत्येक सिनेमात तिची पावलं तोच टाकत होता. एका सिनेमात तिचा हात मोडला होता, तो आवाजही त्याचाच.

"गाजर होतं ते," तो म्हणाला.

"माझा हात म्हणजे गाजर?"

"कोवळं होतं. नंतर मी खाल्लं."

बोलून गेल्यावर तो कानापर्यंत लाल झाला. ती मात्र फार दिवसांनी मनापासून हसली.

खरं तर हसण्यासारखे दिवस नव्हते. अकरा वर्षं तिनं दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं म्हटली होती. कधी नायकाची बहीण, कधी सोसणारी बायको. रडण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा मेकअपच्या खोलीत, बोलावणं येईपर्यंतच्या रिकाम्या वेळात, तिनं वहीत लिहायला घेतलं, ते दोन वर्षांनीच थांबली. ती गोष्ट करायला एकही निर्माता पुढे येईना, तेव्हा तीच निर्माती झाली, आणि नायिकाही. थोरला भाऊ मदतीला आला खरा, पण उठता-बसता कपाळाला हात लावायचा.

सिनेमा झाला होता. घोडं अडलं होतं शेवटाशी. भावाच्या संसारात वीस वर्षं राबलेली एक बाई एका सकाळी बॅग उचलून निघते आणि लांबलचक सरळ रस्त्यानं चालत जाते. चार मिनिटं. संवाद नाही, संगीत नाही, नुसती पावलं. 'ती मागे वळून बघत नाही, कुणाची वाटही बघत नाही,' असं तिनं पटकथेत लिहिलं होतं आणि खाली जाड रेघ मारली होती. संगीतकार, संकलक, दादा — सगळ्यांचं एकच पालुपद होतं: तिथे गाणं टाक, नाहीतर लोक उठून जातील. शेवट पडला की सिनेमा पडणार, आणि मग जे वाक्य सगळ्यांच्या जिभेच्या टोकावर होतं ते बाहेर पडणार, की नटीनं आपलं नटीचं काम करावं. शुक्रवारी सिनेमा दाखवायचा होता, आणि आज सोमवार. ती संगीतकाराला हो म्हणायलाच निघाली होती.

ती उजवीकडच्या खोलीत गेलीच नाही. पावलोबाला तिनं विचारलं, चार मिनिटं नुसत्या पावलांवर निभतील का? तो म्हणाला, निभतील, पावलं खरी असली तर.

मग रोज दुपारी ती त्या खोलीत येऊन बसू लागली. बाहेर रखरखीत ऊन असायचं, आणि आत तो पत्र्याच्या थाळीवर मूठभर तांदूळ हलकेच सोडायचा की पाऊस सुरू... डोळे मिटले तर अंगावर शहारा यायचा. त्यानं जुने हातमोजे झटकले की कबुतरं उडायची. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर आपल्याला आता कशाचं नवल वाटणार नाही, असं ती समजून चालली होती. आणि इथे एक माणूस तांदळांतून आभाळ काढत होता, वर त्याला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. त्याला नवल होतं ते तिचं. त्यानं तिची पटकथा तीनदा वाचली होती.

"मी नुसते पाय करतो," तो म्हणाला. "तुम्ही कोऱ्या कागदातून अख्खी बाई उभी केलीत."

तिच्या लिहिण्याबद्दल आजवर असं कुणी बोललं नव्हतं. तिनं त्याच्या दाढीत अडकलेला तांदळाचा दाणा काढून थाळीत ठेवला. मग दोघंही पडद्याकडे जरा जास्तच लक्ष देऊन बघू लागले.

गुरुवारी तो मधेच थांबला. पहिली दोन मिनिटं जमली, म्हणाला, पुढची येत नाहीत.

"का?"

"तिथून तुमची पावलं आखूड होतात. कुणीतरी हाक मारेल म्हणून..."

"ती कुणाची वाट बघत नाही. मी तसं लिहिलंय."

"लिहिलंय खरं." तो जमिनीकडे बघत होता. "सांगाल तर ठाम पावलं टाकून देतो. लोकांना कानांनी सांगितलेलंच दिसतं. सिनेमा तुमचा आहे."

ती रागानं बाहेर गेली. बोळातल्या बाकावर बसून यंत्रातली कडू कॉफी प्यायली. आणि तो शेवट चित्रित केला ती सकाळ आठवली. कॅमेरा मागे, लांब राहिला होता. रस्त्यावर ती एकटी होती, आणि मनात आलं होतं, आत्ता कुणी 'थांब' म्हणालं तर... अकरा वर्षं टाळ्या पुष्कळ मिळाल्या होत्या, हाक कुणी मारली नव्हती. ही गोष्ट तिनं स्वतःच्याच अक्षरात, खाली रेघ मारून, स्वतःपासून लपवली होती. आणि या माणसानं ती तिच्या पायांवरून ओळखली. तिला आधी भीती वाटली. मग छाती भरून आली. आपल्याला कुणी इतकं बघू शकतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

ती परत आत गेली. "आखूडच ठेवा," म्हणाली. "आणि शेवटी पुन्हा लांब. हाक येत नाही, तरी ती चालत राहते."

त्यानं मान डोलावली, चपला चढवल्या आणि चार मिनिटं एका दमात चालला. तिनं तोवर श्वास घेतला की नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी दुपारी छोट्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमली. शेवट आला. पहिल्या मिनिटाला कुणीतरी खोकलं. दुसऱ्याला कुणी नाही. पावलं आखूड झाली तशी मागच्या रांगेतली एक बाई स्वतःशीच पुटपुटली, "अरे, हाक मारा की कुणीतरी." तिला कुणी गप्प केलं नाही. पावलं पुन्हा लांब झाली, विरत गेली, पडदा काळा झाला, आणि कुणीच उठेना. दादा चष्मा पुसत होता, तोही डोळ्यांवरचा न काढता. संगीतकाराला त्यानं एवढंच सांगितलं, की गाणं राहू दे.

मग एकदम गर्दी झाली. कुणी हात धरत होतं, कुणाला शब्द सापडत नव्हते. त्या माणसांच्या फटीतून तिला दिसलं, पावलोबा बाजूच्या दारानं मान खाली घालून निघाला होता. सात वर्षं तो असाच निघून जात असणार. ती गर्दीतून वाट काढत धावली. तो फाटकाबाहेर पोचलाही होता. आजवर तिनं केलेल्या कुठल्याही सिनेमात अशा वेळी नायकच हाक मारायचा.

"अहो, थांबा!"

तो थांबला. एक सायकलवालाही थांबला, आणि आपल्याला नाही म्हटल्यावर पुढे गेला.

"मी काही लिहून आणलेलं नाही," ती धापा टाकत म्हणाली, "तेव्हा येईल तसं बोलते. मला तुम्ही आवडता. फार."

"हे बोलायचं," तो म्हणाला, "मी सात वर्षं ठरवतोय, मॅडम."

"मॅडम नको."

त्यानं तिला नावानं हाक मारली. अगदी हळू, रस्त्यावरच्या कुणाला ऐकू गेली नसेल. तिला मात्र स्पष्ट ऐकू आली, आणि मागे वळायचा प्रश्नच नव्हता, ती त्याच्या समोरच उभी होती.