बिनगोळीचा चहा

शेअर रिक्षात मधल्या जागेवर बसायची वेळ आली की डॉ. तेजश्रीचं डोकं फिरायचं. त्यात आज मांडीवर दारू तपासायचं यंत्र, आणि शेजारचा तरुण त्याच्याकडे टक लावून बघतोय!

“कॅमेरा आहे?”

“नाही. माणूस प्यायलाय का, ते कळतं यात.”

“बघू की!” त्याने खरंच नळीत फुंकर मारली. पडद्यावर शून्य उमटलं. “पास?”

“आजच्यापुरते,” ती म्हणाली, आणि उगाचच हसली. जेसल पार्कचा तिचा स्टॉप कधी आला, तिला कळलंही नाही.

शनिवारी तोच तरुण भाईंदर पश्चिमेच्या तिच्या ओपीडीत वडिलांना घेऊन हजर! नाव निहार. वडील दशरथकाका पंखे-मिक्सर दुरुस्त करायचे, पण दारूने हात थरथरायला लागले होते. तेजश्रीचं हसू तिथेच विरलं. आता हा तिच्या संशोधनातल्या पेशंटचा मुलगा होता.

घरच्या माणसाने रोज सकाळी समोर बसून गोळी दिली तर दारू सुटलेली राहते का, हे ती तपासत होती. गोळी भलतीच कडक. ती पोटात असताना दारू प्यायली तर जीव घाबराघुबरा होतो, प्रसंगी जिवावरही बेततं. त्या धाकानेच माणूस ग्लासाला हात लावत नाही.

“चोरून द्यायची नाही. त्यांना सांगून, दाखवून. कबूल?”

“कबूल,” निहार म्हणाला.

मग शनिवारमागून शनिवार काका यंत्रात फुंकायचे आणि शून्य उमटायचं.

“माझंही बघा ना, डॉक्टर,” एकदा निहार म्हणाला.

“तुमचं कशाला?”

“शनिवार आला की मला चढल्यासारखं होतं...”

“गप्प बसा.” तिचे कान तापले.

“खाली चहा घेऊ या?”

“अभ्यास संपेपर्यंत नाही. नियम आहे.”

“आणि संपल्यावर?”

“बघू—”

त्या ‘बघू’वर दोघंही जगत होते.

एका रविवारी दुपारी तिचा मोबाइल वाजला. निहारचा आवाज ओळखू येत नव्हता.

“बाबा त्यांच्या मित्राच्या, महिपतकाकांच्या वास्तुशांतीला गेले होते... तिथे दोन घोट घेतले. तोंड लालबुंद झालंय, उलट्या थांबत नाहीयेत—”

“सकाळी गोळी दिली होती?”

“हो.”

“मग माहीत असून प्यायले?”

पलीकडून फक्त काकांच्या ओकारीचा आवाज आला.

“निहार, काकांना माहीत होतं ना?”

“नाही... त्यांनी गोळी सोडली होती. मी चहातून देत होतो.”

“आधी हॉस्पिटलला न्या. गोळीचं नाव सांगा तिथे. मी येतेय.”

ती पोचली तेव्हा काकांना सलाईन लागलं होतं आणि रक्तदाब खाली खाली जात होता. ती आणि निहार खाटेच्या दोन बाजूंना उभे होते. तिला त्याचा भयंकर संताप आला होता, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवावासाही वाटत होता. दोन्ही खरं होतं. संध्याकाळी रक्तदाब सावरला तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

काकांनी डोळे उघडले. “गोळी तर मी दीड महिन्यापूर्वीच बंद केली. मग हे काय झालं?”

“तुम्ही सांगता की मी सांगू?” तिने निहारला विचारलं.

त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. काकांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

“मला वाटलं होतं, माझा मीच राहिलोय दारूवाचून. तेही खोटंच म्हणायचं.”

“नाही काका,” तेजश्री पुढे झाली. “गोळीचा उपयोग धाकापुरता. तुम्हाला माहीतच नव्हतं, म्हणजे धाकही नव्हता. तो दीड महिना तुमचा स्वतःचाच.”

काका लहान मुलासारखे रडले. निहार बाहेर निघून गेला.

संशोधनाच्या मार्गदर्शक सरांना तिने सगळं सांगितलं, बोलणी खाल्ली. काकांचं नाव अभ्यासातून गेलं, उपचार सरांकडे गेले. निहारचं येणंही थांबलं. शनिवार कसेबसे सरायचे. राग ओसरला तशी त्याची आठवण जास्तच छळू लागली.

एका शनिवारी काका तिच्या दारात डोकावले. “डॉक्टर, मी परत गोळी सुरू केलीय. स्वतःच्या हाताने घेतो. आणि घरात चहाही आता मीच करतो.” मग हळूच म्हणाले, “तो खाली उभा आहे. वर यायची हिंमत नाय त्याच्यात.”

चहाच्या टपरीपाशी निहार दोन ग्लास धरून उभा होता.

“मी चुकलो, तेजश्री. बाबांनी गोळी सोडल्याचं मी सांगितलं असतं तर तू त्यांचं नाव अभ्यासातून काढलं असतंस... मग शनिवारी तू दिसली नसतीस. प्रेम करतो तुझ्यावर, पण ते चोरून करायला नको होतं.”

तेजश्रीचे डोळे भरून आले. त्याने पुढे केलेल्या ग्लासाकडे तिने बघितलं.

“आधी तुम्ही प्या.”

त्याने एका दमात अर्धा ग्लास संपवला. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, तरी हूं की चूं केलं नाही. तिने तोच ग्लास त्याच्या हातातून काढून घेतला आणि उरलेला चहा सावकाश पिऊन टाकला.

“गोड फार झालाय,” ती म्हणाली. “पुढच्या शनिवारी साखर कमी सांग.”