नकार स्पेशल

शाहूपुरीतल्या त्या मंगल कार्यालयात, ऐन ऑडिशनच्या गर्दीत, निशिगंधाला टेबलाखाली एक पाठ दिसली... आणि ती जागीच थबकली.

ही पाठ तिनं एकदाच पाहिली होती. दोन वर्षांपूर्वी, कागलला, स्वतःच्या स्वयंपाकघरात. गारगोटीचं स्थळ बघायला आलं होतं. नेमकी तेव्हाच शेगडी फुरफुरायला लागली, चहा काही उकळेना. तर नवरा मुलगाच बैठकीतून उठून आत आला, बाह्या सरसावल्या आणि बर्नर साफ करून गेला. निशिगंधाला तो तिथंच आवडला, खोटं कशाला बोलायचं. आणि चौथ्या दिवशी त्याच्या मामाचा फोन – पत्रिका जुळत नाही. शेगडी पसंत, पोरगी नापसंत, म्हणून गल्लीनं वर्षभर चघळलं.

"ओ पावणं," ती वाकून म्हणाली, "वळखलासा का?"

बाहेर येताना कृष्णातचं डोकं फळीवर आपटलं. हातात पाना, गालाला काजळी. "तुम्ही... कागलच्या..."

"नकारातल्या. व्हय. चला, सही करा."

आता ही सही कसली, ते सांगायला हवं. 'फोडणी नंबर वन' हा टीव्हीवरचा स्वयंपाकाचा कार्यक्रम. तेरा सीझन झालेले. नुसत्या भाज्या बघून लोक कंटाळले, तशी दर वर्षी थीम निघायला लागली. नवव्या सीझनला सासू-सुना. दहाव्याला जुळी भावंडं. अकराव्याला आजोबा आणि नातू. बाराव्याला नवरा-बायको, तेही एकेक हात बांधून. तेराव्याला तर फक्त डावखुरे! निशिगंधा आईबरोबर रोज चाळीस डबे करायची, तिच्या हाताची चव कागलात सगळ्यांना ठाऊक. दर वर्षी ती हौसेनं फॉर्म आणायची, थीम वाचायची आणि कपाळाला हात लावायची. सासू आणायची कुठून?

यंदा चौदाव्याला आली – 'नकार स्पेशल'. बघण्याच्या कार्यक्रमात ज्यांचं जमलं नाही, अशा मुला-मुलीची जोडी. तिला तिघांनी नकार दिला होता, आणि पहिल्यांदाच त्याचा काहीतरी उपयोग होणार होता. पण दोघांची लग्नं झालेली आणि तिसऱ्याचा नंबर तिनं रागानं पुसलेला. एकटीचा फॉर्म टेबलावरून परत आला होता. दोन वाजेपर्यंत जोडीदार आणा, नाहीतर घरी जा.

"मी शेगड्या जोडायला आलोय," कृष्णात म्हणाला. "हितंच दुकान हाय माझं. टीव्हीवर मी काय..."

"नकार द्यायला मामा पुढं केलासा. सही तरी सवताच्या हातानं करा की."

त्यानं मान खाली घातली, हसला, आणि सही केली.

चाळीस मिनिटांत एक पदार्थ. निशिगंधानं शेंगोळी करायला घेतली. हुलग्याचं पीठ, लसूण, तिखट. मळलेला गोळा तिनं अर्धा त्याच्यापुढं सरकवला. बाहेर श्रावणाची भुरभुर चाललेली, आत फोडणीचा ठसका, आणि दोघांची कोपरं एकमेकांना लागत होती.

"किती जाड वळतासा! शेंगोळी हाय, पाइप न्हवं."

"हात पाइपाचाच हाय माझा. दावा की कसं वळायचं ते..."

तिनं त्याच्या बोटांवर बोटं ठेवून एक वळून दाखवली. दुसरी दाखवायची गरज नव्हती, तरी दाखवली.

"पत्रिका खरंच जुळत न्हवती?" तिनं भांड्याकडं बघतच विचारलं.

"पत्रिका कुणी बघितलीच न्हाय." त्यानं वळलेली शेंगोळी ताटात ठेवली. "शेगडी करत हुतो तवा ऐकलं. तुम्ही भनीला म्हणत हुतासा – मला आत्ता लगीन नगो, ह्या वर्षी फॉर्म भरायचाय. तुम्ही न्हाई म्हटलं असतं तर घरात बोलणी खाल्ली असती. म्हटलं, आपणच मोडावं."

निशिगंधाची पळी हातातच राहिली. आनंद व्हावा की राग यावा, तिला कळेना. मग दोन्ही एकदम आले.

"आणि लोकं म्हणाली, पोरीतच कायतरी खोट असणार. वर्षभर आरशात बघत बसलो मी. आणि तुमास्नी ठाव हाय का, त्या वर्षी थीम निघाली नवरा-बायको!"

"चुकलंच माझं," तो हळूच म्हणाला. "पन... इचारलं असतं तर काय म्हणाला असतासा?"

"थोडं थांबा म्हटलं असतं."

तेवढ्यात घंटा झाली. शेंगोळी परीक्षकांनी बोटं चाटून खाल्ली. आता राहिली शेवटची अट. दिग्दर्शिका संयोगिता मॅडम मुंबईच्या, आवाज कडक. नकार आजही कायम आहे, असं दोघांनी कॅमेऱ्यासमोर म्हणायचं. मग सरळ मुंबई. न म्हणाले तर बाद.

"कृष्णात, तुमचा नकार कायम?"

त्यानं निशिगंधाकडं बघितलं. "कायम."

हेच तर हवं होतं निशिगंधाला! पण त्याचे कान लालबुंद झाले होते. पुन्हा एकदा हा शहाणा तिच्यासाठी, तिला न विचारता, नाही म्हणून मोकळा झाला होता.

"निशिगंधा, तुमचा?"

एका शब्दाचं काम होतं. सहा सीझन त्या एका शब्दापलीकडं उभे होते.

"माझा नकार न्हवताच," ती म्हणाली. "मला कुणी इचारलंच न्हाय. माझा होकार हुता. आत्ताबी हाय."

रांगेतून शिट्ट्या वाजल्या. सहायकानं फॉर्मवर फुली मारायला पेन काढलं, पण संयोगिता मॅडम खुर्चीतून उठल्याच. "थांबा, थांबा... हे भन्नाट आहे. लाइट नव्हता नीट. पुन्हा एकदा म्हणा, अगदी असंच. नियम बघते मी, तुम्हाला घेतलं समजा."

कृष्णात पुटपुटला, "म्हणा की. मुंबई हाय... मी मधी येत न्हाय."

"तुम्ही मधीच या," निशिगंधा म्हणाली. "आदी इचारा. मामाला न्हवं, मला."

दिवे पेटले. कॅमेरा जवळ आला. कृष्णातनं पिठाचा हात पँटला पुसला, मग उगाच पुन्हा पुसला.

"माझ्याशी... लगीन करशीला?"

निशिगंधानं स्वतःच्या कॉलरचा माइक मुठीत घट्ट दाबला. टाचा उचलून ती त्याच्या कानाशी गेली आणि काहीतरी म्हणाली. दोनच शब्द असतील. कृष्णातचा चेहरा असा काही फुलला की परीक्षकही हसायला लागले.

"कट! आम्हाला काहीच ऐकू आलं नाही," संयोगिता मॅडम ओरडल्या. "परत घेऊ!"

निशिगंधानं माइक काढून टेबलावर ठेवला. मुंबई हुकली, सहा वर्षांचं वाईट वाटणारच होतं, पण ते उद्या. आज तिला हसूच आवरत नव्हतं.

"राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "ज्याला ऐकायचं हुतं, त्याला आलं."