काचेआडचा ‘मी’

संचिताच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ती माझी जुनी विद्यार्थिनी. घोडबंदर रोडवर चार विद्यापीठांनी मिळून चालवलेलं एक संशोधन केंद्र आहे, त्याची ती संचालिका. तिथल्या चर्चा मराठी आणि इंग्रजी दोन्हींत होतात. ‘रवींद्र सर दुभाष्याचं काम सोडून गेले, तुम्ही याल का?’ असं तिने विचारलं होतं. नकार कसा लिहावा हे मला सुचेना. शेवटी समक्ष सांगायला निघालो.

“तुम्हाला तोंडावर नाही म्हणता येतं होय?” टिटवाळ्याच्या घराच्या दारात माझी बायको रमा हसली. “जेवायला परत या म्हणजे झालं.”

संचिताने मला बोलूच दिलं नाही. “सर, फक्त आजचा दिवस. प्लीज.” मी दुभाष्याच्या काचेच्या खोलीत जाऊन बसलो. हेडफोन कानाला कोमट लागले, जणू कुणी आत्ताच काढून ठेवले होते.

या कामाचा नियम साधा आहे. वक्ता ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. आपलं स्वतःचं काही बोलायचं नाही. बोललं तरी कुणी ते आपलं धरत नाही.

व्यासपीठावर एक बाई शहाडजवळच्या नदीतल्या गाळाबद्दल मराठीत बोलत होत्या, मी ते इंग्रजीत सांगत होतो. मग त्यांच्या आवाजाखालून दुसरा आवाज आला.

“मला बाहेर यायचंय. दार उघडा.”

आवाज ओळखीचा होता, रवींद्रचा. सवयीने मी तेही इंग्रजीत सांगून टाकलं. सभागृहात सगळ्यांनी टिपून घेतलं. बाई गाळाबद्दलच बोलत होत्या.

मी उठलो. दाराची मूठ फिरेना. काच वाजवली. कुणी वळलं नाही.

माईक चालूच होता. “संचिता, मी बोलतोय. दार उघड.”

तिने मान डोलावली आणि लिहून घेतलं.

हेडफोनमध्ये रवींद्रने माझं वाक्य शांतपणे इंग्रजीत सांगितलं.

सत्र संपलं. माणसं गेली. ध्वनियंत्रणा सांभाळणारा महेंद्र तारा गुंडाळत होता.

“अहो महेंद्र, दार...”

“माईक चालू आहे, सर,” तो वर न बघता म्हणाला.

रमा ताट वाढून बसली असेल. मी कागदावर लिहिलं, ‘मला हे काम जमणार नाही. घरी जाऊ द्या.’ घडी घातली, वर संचिताचं नाव घातलं आणि तो काचेखालच्या फटीतून बाहेर सरकवला.

महेंद्रने तो उचलला. “पेटीत टाकतो हां. रवींद्र सरांचं पत्रपण रोज मीच टाकतो.”

दाराशी लाकडी टपालपेटी होती. कागद आत जाईना. त्याने तो बोटाने दाबून दाबून बसवला.