मंगळवारचा धडा

दुपारी एक वाजता पडद्यावर लाल ओळ उमटली : ‘विसंगत धडा. पाच वाजता वगळला जाईल.’ खाली नाव होतं : वि. ना. लोखंडे, विज्ञान शिक्षक, परांडा. शर्वरीनं जेवणाचा डबा तसाच बंद केला आणि ती गाळणीकक्षाकडे धावली.

आंतरजालावरचे विज्ञानाचे धडे तपासून शाळांच्या धडेकोशात ठेवणारी सत्यगाळणी रफीक इनामदारांनी बांधली होती. शर्वरी त्यांच्याच हाताखाली काम करायची.

“रफीकभाई, बाबांचा धडा जातोय. मंगळवारचा.”

लोखंडे सरांना जाऊन दोन महिने झाले होते. सोमवारी वर्गात एक चूक ठासून सांगायची आणि मंगळवारी ‘कोणी पकडलं मला?’ म्हणून विचारायचं, ही त्यांची जुनी खोड. एका सोमवारी त्यांनी ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवून वर पेला पालथा घातला. ज्योत विझली, पाणी पेल्यात चढलं. “ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली!” मंगळवारी त्याच पेल्याखाली चार मेणबत्त्या. पाणी कितीतरी जास्त चढलं. “पेला तोच, ऑक्सिजन तेवढाच. मग?” हवा तापून फुगते, थोडी बाहेर निसटते; ज्योत विझली की उरलेली आक्रसते, म्हणून पाणी चढतं. दोन्ही दिवसांची चित्रणं दोन वेगळे धडे म्हणून जालावर होती.

“सोमवारचा उत्तीर्ण आहे,” रफीक म्हणाले. “जालावरचे नऊ हजार धडे तेच सांगतात.”

“एकमेकांवरून उतरवलेत ते!”

“मला कळतं गं. गाळणीला हात नाहीत, ती मेणबत्ती पेटवून बघत नाही. कोण कोणाशी जुळतं, एवढंच बघते. आणि विसंगत म्हणजे चूक नव्हे, हा एकटाच जाईल. चूक सिद्ध झाली तरच शिक्षकाचे सगळे धडे काढतो आपण. सरांचे बाकीचे दोनशे राहतील की.”

“त्यात सोमवारचाही. म्हणजे मुलांपुढे बाबा चुकीचंच शिकवत राहणार.”

“प्रत करून घे.”

“आहे माझ्याकडे. घरात ठेवलेला मास्तर कुणाला शिकवणार?”

रफीकनी चष्मा पुसला. “प्रयोग प्रत्यक्ष केलेले तीन स्वतंत्र धडे आले, तर ऐकीव नऊ हजार पडतात. नियम आहे, वापरायची वेळ कधी आली नाही. करून कोण बघतंय हल्ली?”

“बाबांचे विद्यार्थी आहेत ना!”

“त्यांनी सरांकडूनच ऐकलंय, सगळ्यांची मिळून साक्ष एकच. कुणा परक्याला उत्तर सांगितलंस किंवा सरांचं नाव घेतलंस, तर तोही बाद.”

शर्वरी गावोगावच्या अनोळखी विज्ञान शिक्षकांना फोन लावत सुटली. “सर, एका मेणबत्तीऐवजी चार लावून बघता का? आत्ता, वर्गात? चित्रण पाठवा. काय होईल ते नाही सांगणार मी.”

“ताई, कोशात धडा आहे की तयार,” एक जण हसला. दुसऱ्यानं सराव परीक्षेचं कारण दिलं. तिसऱ्यानं ऐकून न घेताच फोन ठेवला. एकतिसाव्या फोनला तिचा आवाज बसला होता.

सव्वाचारला गडहिंग्लजहून पहिलं चित्रण आलं, साडेचारला नवापूरहून दुसरं. तिसरं देऊळगावराजाहून, पाचला चार मिनिटं असताना. ते कोशात चढवायला ती वाकली आणि रफीकनी तिचा हात धरला. त्यांचा चेहरा उतरला होता.

“थांब. हा तिसरा कोशात चढला की सोमवारचा धडा चूक सिद्ध होतो.”

“मग?”

“सोमवारचाही सरांचाच आहे, शर्वरी.”

म्हणजे मंगळवारचा धडा आणि बाकीचे दोनशेही काढले जाणार. तिला ते आत्ता उमगलं. 

पडद्यावर चित्रण चालूच होतं. चौथी मेणबत्ती विझली, पाणी चढत गेलं, वर्गात गलका झाला. “ओ मॅडम, पुस्तक चुकलं!” मग एका मुलीनं विचारलं, “हे आधी कुणी शोधलं होतं?”

मॅडम पेल्याकडे बघत राहिल्या. “काय माहीत. आत्ता तर आपणच.”

पाचला एक मिनिट होतं.

“कोणी पकडलं मला,” शर्वरी हलकेच म्हणाली, अगदी बाबांसारखं. रफीकनी हात सोडला.

तिनं कळ दाबली.