हेडफोनमधली शिट्टी

दार उघडल्यावर मुलीनं आधी ताईकडे पाहिलं, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या धाकट्याकडे, आणि तिचा चेहरा पडला.

"हे इथे राहतात?"

"माझा भाऊ आहे. साठी उलटली तरी धाकटाच. आत ये."

धाकटा नजर चुकवून स्वयंपाकघरात चहा टाकायला गेला. पण घर लहान. तिचा शब्दन् शब्द आत ऐकू येत होता.

ती फ्लाइंग क्लबची वायरिंगवाली. क्लबच्या चार सीटच्या विमानात तिनं नवा ऑडिओ सेट बसवला होता. पुढे हेडफोनमध्ये शिट्टी वाजू लागली. परवा विमान चालवायला शिकवणाऱ्या कॅप्टनबाईंना त्या शिट्टीपायी विमानतळाच्या टॉवरचा हुकूम कळलाच नाही. 'उतरू नका' असं टॉवर ओरडत होता. धावपट्टीवर दुसरं विमान उभं होतं. थोडक्यात निभावलं.

"आज संध्याकाळी कमिटी मला कायमचं काढणार. पुन्हा कुठल्या विमानाला हात लावू देतील का कोणी? आणि हे काका म्हणाले, वायरिंग बदललं तिनं, आवाज आला त्यानंतर, यात विचार काय करायचा!"

धाकट्याचे कान तापले. तो असं म्हणाला होता खरा. टॉवरच्या रेडिओवर बोलण्यात त्याचा जन्म गेला होता. क्लबात सगळे त्याला मास्तर म्हणत आणि त्याचा शब्द चाले. रेडिओ उघडून मात्र त्यानं कधी पाहिला नव्हता.

ताईनं विमा कंपनीसाठी वर्षानुवर्षं अपघात तपासले होते. निवृत्तीनंतर अशा गाठी घेऊन लोक घरी येत.

"आवाज लगेच आला?"

"नाही ना! बरेच दिवस साफ होतं."

धाकटा किटली घेऊन आला. ताईनं झाकण उचललं आणि थबकली.

"अरे, आज बोट कसं भाजलं नाही?"

"झाकणाच्या मुठीखाली वॉशर घातलाय," विषय बदलला म्हणून धाकटा खुलला. "काळा, फायबरचा. उष्णता वर येतच नाही."

"हुशार आहेस," ताई म्हणाली आणि झाकणाकडे पाहत राहिली.

क्लबात जायला निघताना दोघांना जिन्यात उभं करून ताई परत आत गेली. "गॅस बंद आहे का बघते."

हँगरमध्ये मिस्त्री हात पुसत पुढे आला. इंजिन त्याच्या ताब्यातलं.

"शिट्टी इंजिनाच्या वेगाबरोबर चढते-उतरते, असं ही सांगते," ताई म्हणाली. "म्हणजे इंजिनावर वीज बनवणारा अल्टरनेटर. तो तुमच्या हातचा."

"अहो, तो ठणठणीत आहे! अल्टरनेटर सगळेच थोडे कुरकुरतात. ती कुरकुर कानात शिरते कुठून, ते शोधा. पॅनेलमागच्या सगळ्या तारा मी तपासल्या. पोरीची एक चूक निघाली नाही. पण मास्तर बोलले म्हटल्यावर आम्हाला कोण विचारतं?"

धाकटा खोकला.

कॅप्टनबाई पंखाला टेकून उभ्या होत्या. त्यांचं उड्डाणही थांबवलं होतं.

"शिट्टी सुरू झाली फोटोनंतर," त्या म्हणाल्या. "क्लबच्या वाढदिवसाचा फोटो. विमान नवरीसारखं नटवलं होतं. पॅनेल काय चमकत होतं!"

"पॅनेल मी घासलं होतं," धाकटा म्हणाला. त्या दिवशी सगळ्यांनी केलेली वाहवा त्याला आठवली. अजूनही हेडफोनच्या सॉकेटांभोवतीच्या पितळी कड्या लखलखत होत्या.

ताईनं कॅप्टनबाईंना इंजिन सुरू करायला सांगितलं. सगळ्यांनी आळीपाळीनं हेडफोन चढवले. शिट्टी आली. वेग वाढला तशी किंचाळू लागली. अल्टरनेटर बंद करताच ती गेली, चालू करताच परतली.

"आता त्या सॉकेटांचे नट सोड," ताई मुलीला म्हणाली. "मिस्त्री, आज लावू द्या हिला हात. पॅनेलला न टेकवता दोन्ही सॉकेटं अधांतरी धर."

शिट्टी थांबली. मुलीनं एक सॉकेट पॅनेलच्या पत्र्याला टेकवलं. शिट्टी! दूर नेलं. शांत.

मुलीनं हातातली पितळी कडी पाहिली. "हे वॉशर माझे नाहीत."

इंजिन बंद झालं. ताई सगळ्यांना घेऊन पंखापाशी आली.

"विमानाचा सगळा पत्रा हा विजेचा परतीचा रस्ता आहे. अल्टरनेटरची कुरकुर त्यातून वाहतच असते. म्हणून हेडफोनचं सॉकेट पत्र्याला लागू द्यायचं नसतं. हिनं बरोबर केलं होतं, म्हणून बरेच दिवस साफ होतं. मागच्या तारांत चूक नव्हती, कारण बिघाड समोर होता. फोटोसाठी कोणीतरी दिसायला छान म्हणून पितळ बसवलं. पितळातून वीज जाते. पण मला खरं उत्तर सकाळीच मिळालं होतं. जे उष्णता अडवतं, ते बहुतेक वेळा वीजही अडवतं."

तिनं पर्स उघडून काहीतरी पंखावर ठेवलं. काळा, फायबरचा वॉशर. त्याला चहाचा डाग होता.

"कोणी बदललं?" कॅप्टनबाईंनी विचारलं.

ताई पर्स बंद करू लागली. ती धाकट्याकडे बघतसुद्धा नव्हती.

काळ्या कड्या फोटोत भिकार दिसतील, असं धाकट्याला वाटलं होतं. फेकवत नव्हत्या म्हणून खिशात टाकल्या होत्या. एक झाकणाला लावली, दुसरी घरी डब्यात ठेवली. आणि त्यानंतर त्यानंच कमिटीत हात वर करून म्हटलं होतं, यात विचार काय करायचा.

"मी," तो म्हणाला. "मी बदलले."

मिस्त्रीनं जमिनीकडे पाहिलं. ते धाकट्याला शिवीपेक्षा जास्त लागलं.

"संध्याकाळी कमिटीत मी आधी बोलतो. हेच सांगतो. पोरी, मला..."

"दुसरा वॉशर घरी आहे ना?" मुलीनं त्याला पुढे बोलू दिलं नाही. "नंतर घेऊन या. आधी हा एक बसवते. आणि काका, टॉर्च धरा."

तो वाकून कॉकपिटमध्ये शिरला. त्यानं टॉर्चचा प्रकाश सॉकेटवर धरला.

"अजून जवळ."

तो आणखी वाकला. तिनं नट आवळला, दुसरं सॉकेट बोटात अधांतरी धरलं आणि चालकाच्या जागेवर बसलेल्या कॅप्टनबाईंना खूण केली. इंजिन सुरू झालं. तिनं स्वतःचा हेडफोन काढून त्याच्या कानांवर चढवला.

शिट्टी नव्हती. इतकं स्वच्छ, की माइकमधून त्याला स्वतःचाच धापा टाकणारा श्वास ऐकू आला. तो त्याला ऐकवेना. पण हेडफोन काढायचा धीरही झाला नाही.